वारा फिरल्यावरची नोंद: आंबा बागेतल्या फवारणी प्रशिक्षणाची चाचणी कधी घ्यायची?

(गाव, वाड्या आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. घडलं ते तसंच ठेवलं आहे.)

पार्श्वभूमी

देवगड तालुक्यातल्या एका गावात तीन वाड्यांवर मिळून २३ कामगार हापूसच्या बागा सांभाळतात. त्यातले निम्म्याहून जास्त नेपाळहून आलेले. दिवाळीच्या आगेमागे ते येतात, राखण, फवारणी, काढणी सगळं करतात आणि आंबा उतरला की पावसाआधी परत जातात. बाकीचे गावातले आणि आजूबाजूच्या वाड्यांतले.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यानंतर राज्यभर सुरक्षित फवारणीची शिबिरं सुरू झाली. आमच्याकडेही अशीच मागणी आली. काही बागायतदारांनी एकत्र येऊन सांगितलं, की आमची माणसं हाताने औषध ढवळतात, तोंडाला काही बांधत नाहीत, तुम्ही येऊन शिकवा. एका संस्थेकडून थोडा निधी मिळाला. त्यासोबत अट आली: प्रशिक्षणाआधी आणि नंतर चाचणी घ्यायची आणि डिसेंबरअखेर अहवाल द्यायचा.

आमची शिकवण्याची पद्धत चार पायऱ्यांची आहे. आधी सांगायचं, मग करून दाखवायचं, मग प्रत्येकाकडून करून घ्यायचं आणि चुकलं तर तिथल्या तिथे सुधारून पुन्हा करायला लावायचं. ही पद्धत जुनी आहे, कसाला उतरलेली आहे आणि तिच्यावर माझा पूर्ण भरवसा आहे. या प्रकरणात शिकवण्यात फारसं चुकलं नाही. जे शिकवलं ते कामगारांच्या अंगवळणी पडलं की नाही हे बघायला कधी जायचं, तिथे आम्ही चुकलो.

अडचण

पहिला आराखडा असा होता. सकाळी शाळेच्या खोलीत पूर्वचाचणी, दिवसभर प्रशिक्षण, संध्याकाळी तीच चाचणी पुन्हा. दोन्हींतला फरक म्हणजे आमचं काम. अशा किती शिबिरांचे अहवाल मी स्वतः लिहिले आहेत! संध्याकाळचे गुण सकाळपेक्षा वाढलेले असतातच. माणसाने चार तासांपूर्वी ऐकलेलं सांगितलं, एवढाच त्याचा अर्थ.

इथे तर चाचणीचा कागदही बाद ठरला. तो मराठीत होता. नेपाळी लिहितात देवनागरीतच, त्यामुळे अक्षरं सगळ्यांना वाचता येत होती, पण भाषा येत नव्हती. एका दाजूने, म्हणजे नेपाळी कामगाराने, सगळ्या प्रश्नांना पहिल्याच पर्यायावर खूण केली आणि कागद अदबीने परत दिला. त्याच माणसाला बाटलीवरचा त्रिकोण दाखवून विचारलं, तर लाल म्हणजे सगळ्यात जहाल आणि मग पिवळा, निळा, हिरवा असा उतरता क्रम त्याने बिनचूक सांगितला.

कागद सोडला आणि करून दाखवायची यादी केली. दहा कृती: लेबल बघणं, मापाने औषध घेणं, हातमोजे, काठीने ढवळणं, तोंडावर मास्क, वाऱ्याकडे पाठ, कामात तंबाखू-पाणी नाही, तुंबलेला नोझल तोंडाने न फुंकणं, जेवणाआधी साबणाने हात आणि रिकाम्या बाटल्या तीनदा विसळून भोसकणं. आता प्रश्न उरला तो ही यादी हातात घेऊन बागेत नेमकं कधी उभं राहायचं याचा.

फवारणी हे एका दिवसाचं काम नाही. कोकण कृषी विद्यापीठाचं मोहोर संरक्षणाचं वेळापत्रक सहा फवारण्यांचं आहे. पहिली पोपटी पालवीवर, दुसरी बोंगे (मोहोराचे डोळे) फुटताना, पुढच्या साधारण पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने. म्हणजे काम नोव्हेंबरात सुरू होऊन फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालतं. नोव्हेंबरच्या गारव्यात मास्क लावणारा माणूस फेब्रुवारीत कातळ तापल्यावर तो लावेल का? अहवाल डिसेंबरात हवा होता आणि या प्रश्नाचं उत्तर फेब्रुवारीआधी मिळणारच नव्हतं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय ठरलेलंच करायचं: त्याच दिवशी चाचणी, डिसेंबरात अहवाल. सोपं आणि अटीत बसणारं. दुसरा, हंगामाच्या शेवटी एकदाच जाऊन बघायचं. यात अडचण अशी, की मार्चमध्ये काही बिघडलेलं दिसलं तरी ते शिकलेच नव्हते की शिकून विसरले की हत्यारच नीट नव्हतं, हे उलगडत नाही. आणि दुरुस्त करायला फवारणीच उरलेली नसते.

कोणी रक्ततपासणीही सुचवली. विषारी औषधाचा शरीरावर परिणाम मोजायला रक्तातल्या कोलिनएस्टरेज या विकराची (एन्झाइमची) पातळी बघतात. माणसामाणसांत ही पातळी इतकी वेगळी असते, की फवारणीला हात लावण्याआधीचं मोजमाप नसेल तर नंतरच्या आकड्यातून फारसं काही कळत नाही. शिवाय ही तपासणी ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटातल्या औषधांपुरतीच. आमच्या बागांत डेल्टामेथ्रिन, लॅम्बडा सायहॅलोथ्रिन आणि इमिडाक्लोप्रिड जास्त वापरात होती, आणि ती या गटांतली नाहीत. तो विचार सोडला. पण आधीचं मोजमाप नसेल तर नंतरचं मुकं राहतं, हा मुद्दा मनात राहिला.

चौथा पर्याय प्रत्येक फवारणीला जाऊन बघण्याचा आणि तीन वाड्यांना एकाच वेळी न शिकवता टप्प्याटप्प्याने शिकवण्याचा. खालच्या वाडीला पहिल्या फवारणीआधी, मधल्या वाडीला पहिलीनंतर, वरच्या वाडीला दुसरीनंतर. त्यामुळे मधल्या वाडीची एक आणि वरच्या वाडीची दोन फवारण्यांची शिकवण्याआधीची नोंद मिळते. प्रत्येक वाडीत बदल शिकवल्यानंतरच दिसला, तर तो हवामानामुळे किंवा नव्या औषधामुळे नाही, शिकवण्यामुळे झाला असं छातीठोकपणे म्हणता येतं. वर्तनशास्त्रात ही मांडणी नेहमीची आहे.

निर्णयाचा पहिला टप्पा: वरच्या वाडीला थांबवायचं का?

इथे आमच्यात खडाजंगी झाली. वरच्या वाडीच्या सात जणांनी प्रशिक्षणाविना दोन फवारण्या करायच्या, कशासाठी, तर आम्हाला नोंद हवी म्हणून. माझी सहकारी सरळ म्हणाली, "ताई, तुझ्या घरचा माणूस असता तर थांबली असतीस?" मला उत्तर देता आलं नाही.

शेवटी असं ठरलं. हातमोजे आणि मास्क तिन्ही वाड्यांना पहिल्याच दिवशी द्यायचे. हाताने ढवळू नका, एवढं सगळ्यांना तेव्हाच सांगायचं. आणि नोंद घेताना कोणाच्या जिवाला धोका दिसला तर वही बाजूला ठेवून त्याला थांबवायचं, मग ती नोंद वाया गेली तरी चालेल.

ती वेळ दुसऱ्याच फवारणीला आली. वरच्या वाडीत विशीतल्या एका पोराचा नोझल तुंबला. त्याने तो काढला, पँटला पुसला आणि ओठाला लावला. आमच्या निरीक्षक मुलीने धावत जाऊन त्याचा हात धरला. मग खिशातला जुना टूथब्रश काढून दिला आणि कसा साफ करायचा ते दाखवलं. त्या तुकडीची त्या दिवसाची नोंद रद्द झाली. त्या वाडीच्या दोन आधारनोंदींपैकी (शिकवण्याआधीच्या नोंदींपैकी) अर्धी गेली म्हणायची. तिने केलं ते बरोबर केलं. आधी नियम ठरवला नसता तर बावीस वर्षांची ती मुलगी क्षणभर घुटमळली असती, आणि त्या क्षणात त्याने फुंकर मारली असती.

काय केलं

दहा नोव्हेंबरच्या सुमारास खालच्या वाडीचं प्रशिक्षण झालं. फवारणी अजून सुरू झालेली नसल्याने त्यांची आधीची नोंद अशी नव्हतीच. म्हणून शिकवण्याआधी रिकाम्या पिंपात साधं पाणी आणि धुतलेली बाटली देऊन "नेहमी करता तसं करा" असं सांगितलं. ही नक्कलच होती, तरी उपयोगी पडली. इमिडाक्लोप्रिडचं प्रमाण १० लिटरला ३ मिली, म्हणजे २०० लिटरच्या पिंपाला ६० मिली. नऊ जणांपैकी सात जणांनी झाकणाने अंदाजे ओतलं, आणि प्रत्येकाचा अंदाज वेगळा.

प्रशिक्षणाच्या संध्याकाळी सगळ्यांनी दहापैकी आठ किंवा जास्त कृती बरोबर केल्या. चार दिवसांनी पहिल्या फवारणीलाही तसंच दिसलं. डिसेंबरच्या सुरुवातीला दुसरी फवारणी, तीही चांगली. वहीवाला माणूस समोर उभा असला की कोणीही नीट वागतो हे ठाऊक होतं, म्हणून आमच्या निरीक्षकांनी आधी दोनदा नुसतंच बागेत जाऊन बसायचा रिवाज पाळला होता. दर तिसऱ्या खेपेला दोघी जणी वेगवेगळ्या उभ्या राहून स्वतंत्र नोंद घेत आणि मग ताडून बघत. दहापैकी आठ ठिकाणी तरी जुळायला हवं हा आमचा किमान दंडक, आणि तो सहज गाठला जात होता. आकडे सुरेख होते. मी अहवालाचा मसुदाही लिहायला घेतला होता.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिसऱ्या फवारणीला मी स्वतः गेले. आमचा नेम असा होता: सकाळच्या एसटीने साडेसातला बागेत आणि पावणेअकराच्या परतीच्या एसटीने माघारी. त्या दिवशी परतीची गाडी आलीच नाही. पुढची एकला होती. फाट्यावर बसण्यापेक्षा बागेत बरं म्हणून मी परत फिरले.

सकाळी फवारणीच्या तीन गनच्या तीन तुकड्या होत्या. प्रत्येकीत गनवाला, पाइप ओढणारा आणि पिंपावरचा. डोंगराकडून मतलई वारा येत होता, गनवाले त्याच्याकडे पाठ करून कलमांच्या ओळीतून पुढे सरकत होते आणि फवारा समुद्राच्या दिशेने जात होता. मी आठ वाजता वहीत "वाऱ्याकडे पाठ" पुढे तीन बरोबरच्या खुणा केल्या होत्या. परत आले तेव्हा सव्वाअकरा झाले असतील. पानं उलटी होऊन चमकायला लागली होती. खारा वारा सुटला होता, खालून, समुद्राकडून. गनवाला मात्र सकाळच्याच दिशेने ओळ संपवत होता. उंच कलमाच्या शेंड्यावर मारलेलं औषध धुक्यासारखं वळून त्याच्या अंगावर येत होतं, आणि त्याच्याहून जास्त मागे पाइप ओढणाऱ्या दाजूच्या. तो शर्टाची कॉलर वर ओढून डोळे मिटून घेत होता. मास्क गळ्यात. हातमोजे पिंपाच्या कडेवर वाळत ठेवलेले.

मुकादम माझ्या शेजारी आला आणि म्हणाला, "ताई, वारो फिरलो."

"रोज फिरतो?"

"रोजच. अकरा वाजले काय फिरता."

रोज फिरतो. गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आणि आमच्या दीड महिन्याच्या वहीत एकही नोंद अकरानंतरची नव्हती. आमच्या मोजमापाची वेळ आम्ही ठरवलीच नव्हती, ती एसटीच्या वेळापत्रकाने ठरवली होती.

निर्णयाचा दुसरा टप्पा: अहवाल

पाच दिवसांवर डिसेंबरअखेर. हाताशी असलेले आकडे खरे होते, पण ते सकाळचे होते. तसेच पाठवले असते तर कोणी विचारलं नसतं. आम्ही मिश्रण करतानाच्या कृतींचे आकडे पाठवले आणि फवारतानाच्या कृतींबद्दल लिहिलं, की आमच्या नोंदी सकाळी साडेसात ते साडेदहा या वेळेतल्या आहेत, अकरानंतर परिस्थिती बदलते असं एकदा दिसलं आहे, मार्चमध्ये पूर्ण माहिती देऊ. निधीचा दुसरा हप्ता यामुळे काही आठवडे लांबला आणि त्या काळात निरीक्षकांचं मानधन आम्ही खिशातून भागवलं. तेच पुन्हा करावं लागलं तरी करेन.

काय बदललं

भेटींची संख्या कमी केली आणि निम्म्या भेटी अकरा ते एकच्या ठेवल्या. गनवाला, पाइपवाला, पिंपावरचा यांची नोंद वेगवेगळी घ्यायला लागलो, कारण फवारणीगणिक माणसं जागा बदलतात. सगळी कामं सगळ्यांना शिकवली होती, पण पाइपवाल्याकडे आमचं कधी नीट लक्षच गेलं नव्हतं.

शिकवण्याची वेळही हलवली. वरच्या वाडीचं प्रशिक्षण शाळेच्या खोलीत न घेता बागेतच घेतलं, आणि वाऱ्याचा भाग मुद्दाम अकरा वाजता. बांबूला लाल फडक्याची पट्टी बांधली. ती वळली की गन बंद, ओळीच्या दुसऱ्या टोकाला जायचं, पाठ फिरवायची आणि मग सुरू. प्रत्येक तुकडीकडून चार-पाचदा करून घेतलं. खालच्या आणि मधल्या वाडीला तोच पाऊण तासाचा पाठ जानेवारीत, चौथ्या फवारणीच्या दिवशी, तसाच बागेत दिला.

हातमोज्यांचं मात्र निराळं निघालं. ते शिकले नाहीत असं धरून आम्ही दोनदा उजळणी घेतली होती. गावातल्या एका गनवाल्याने शेवटी हात पुढे करून दाखवला. जाड रबरी मोज्यात घाम साचून बोटं पांढरी पडली होती. "ह्या घातल्यार गन हातात ऱ्हवणाच नाय," तो म्हणाला. मग पिंपावर जाड मोजे आणि गनसाठी पातळ नायट्राइलचे असं केलं. हे एक वाक्य ऐकायला आम्हाला दोन महिने लागले, कारण आमच्या यादीत "हातमोजे: हो / नाही" एवढंच होतं, "का नाही" ला जागा नव्हती.

फेब्रुवारीत मास्क गळ्यात उतरला, सगळ्यांचाच. इथे शिकवून काही होणार नव्हतं. बागायतदारांशी बोलून साडेदहानंतर नवं पिंप भरायचं नाही असं ठरवायचा प्रयत्न केला. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवावं लागतं, म्हणून भरलेलं पिंप सोडून उठा म्हणणं शक्य नव्हतं, पण नवं भरू नका म्हणता येत होतं. दोघांनी मानलं. तिसरे काका म्हणाले, "मजुरी पूर्ण दिवसाची देतोय, अर्ध्या दिवसात उठवू कसा?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. त्यांच्या बागेत मास्क शेवटपर्यंत गळ्यातच राहिला.

काय हाती आलं

काठीने ढवळणं आणि मापाने औषध घेणं तिन्ही वाड्यांत शेवटच्या फवारणीपर्यंत टिकलं. वरच्या वाडीत शिकवण्याआधी मापाने घेणारा एकच होता, शिकवल्यानंतर सातही जण. म्हणजे हा बदल शिकवण्याचाच. वारा फिरल्यावर जागा बदलणं फडक्याची पट्टी आल्यानंतरच दिसू लागलं, आणि जिथे पट्टी बांधायची राहिली तिथे नाही. हातमोजे पातळ आल्यावर गनवाल्यांत वाढले, पिंपावर फारसे नाहीत. तंबाखूचं काही बदललं नाही.

पुढच्या नोव्हेंबरात २३ पैकी १२ जण परत आले. काहीही न शिकवता, काहीही न सांगता, पहिल्या फवारणीला आम्ही नोंद घेतली. माझ्या मते सगळ्या वर्षातली हीच खरी परीक्षा. बेअर, वुल्फ आणि रिझली या वर्तनशास्त्रज्ञांनी १९६८ साली उपयोजित वर्तन विश्लेषणाच्या कसोट्या मांडल्या, तेव्हा बदल काळाच्या ओघात टिकतो का आणि दुसऱ्या ठिकाणीही दिसतो का, ही त्यातली एक होती. आठ महिने, मध्ये नेपाळला जाऊन येणं, काहींची बागही बदललेली. बाराही जण काठीने ढवळत होते. दहा जण माप वापरत होते. पिंपावर हातमोजे पाच जणांच्या हातात. आणि चार तुकड्यांपैकी दोघींनी आपणहून बांबूला फडकं बांधलं होतं. एकीचं लाल नव्हतं, जुन्या लुंगीची निळी पट्टी होती.

पुन्हा केलं तर

आधारनोंद आदल्या हंगामातच घेऊन ठेवेन, शिकवायचं ठरण्याच्याही आधी. मग वरच्या वाडीला थांबवण्याचा प्रश्नच उभा राहणार नाही. निधी देणाऱ्यांशी अहवालाची तारीख फवारणीच्या वेळापत्रकाला बांधून घेईन आणि ते पैसे घेण्याआधी बोलेन. तारीख ठरल्यावर बोलणं म्हणजे नुसती विनवणी होते.

पहिल्या भेटीत मुकादमाला एकच प्रश्न विचारेन: दिवसात आणि हंगामात हे काम सगळ्यात जड कधी जातं? त्याने जी वेळ सांगितली असती ती अकरानंतरची आणि फेब्रुवारीतली असती. नोंदीच्या निम्म्या भेटी तिथेच ठेवायला हव्या होत्या.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. डिसेंबरच्या मध्यावर पाच नवे कामगार येऊन मिळाले. त्यांना प्रशिक्षण मिळालं नाही, आमच्या यादीत ते नव्हते, आणि २३ च्या हिशेबातही नाहीत. पण तिसऱ्या फवारणीला पाइप ओढताना डोळे मिटून घेणारा तो दाजू त्यांच्यातलाच होता. यंदा आम्ही दर पंधरा दिवसांनी मुकादमाला फोन करून कोण नवीन आलं ते विचारतो आणि आल्याच्या आठवड्यात बागेतच तासभर शिकवतो. त्याची पहिली नोंद मात्र शिकवण्याआधी घ्यायची की नंतर, यावर माझी सहकारी आणि मी अजून भांडतो आहोत.